काकूंचा बियाण्याचा भोपळा

ठाण्याला आलो तेव्हा मला पाण्याची सवय नव्हती. प्यायच्या पाण्याची होती, तीही बेताची. पण नुसतं पडून राहिलेलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. आमचा माणदेश कोरडा. नदी आहे, पण तिच्या पात्रात वर्षातले बहुतेक महिने शेळ्या बसतात. वाळूत खड्डा करायचा, पाझरेल तेवढं वाटीनं घागरीत भरायचं, आणि त्यातलं तांब्याभर आई अंघोळीला द्यायची. ती अंघोळ परातीत बसून करायची, म्हणजे खाली साचलेलं शेळीच्या उपयोगी पडायचं.

वडील माझ्या लहानपणीच गेले होते. पुढे एका साली पाऊस मुळीच झाला नाही, तेव्हा आईनं माझी शाळा थांबवली. चौथं पुस्तक चालू होतं. तशी शाळा मला येत होती, पण पोट शाळेपेक्षा मोठं. तरी दोनतीन वर्षं गावातच कुणाची गुरं, कुणाची मोट असं करत काढली. मग आमच्या तालुक्याच्या कचेरीत पूर्वी कारकून असलेले एक गृहस्थ, जे माझ्या जन्माआधी आमच्या शेजारी बिऱ्हाडाला राहत आणि वडिलांशी फार घरोबा ठेवून होते, त्यांनी ठाण्याहून निरोप धाडला: ‘पोराला इकडे पाठवा. दोन घास जास्त शिजवायला आम्हांला जड नाही.’ पेन्शन घेऊन ते आपल्या गावी, ठाण्याला, येऊन राहिले होते. मी त्यांना काका म्हणू लागलो. नात्यानं ते माझे कुणीच नव्हते, आणि ही गोष्ट मी एक दिवसही विसरलो नाही.

पोचलो त्याच संध्याकाळी काकांनी मला तळ्यावर नेलं. देवळापुढचं ते मासुंदा तळं. मी काठाशी उभा राहून बघतच राहिलो.

“काय बघतोस एवढं?”

“हे कुणाचं आहे?”

“कुणाचं म्हणजे? तळं आहे. गावाचं.”

“मग राखण कोण करतं?”

काका इतके हसले की देवळातून येणारी माणसं थांबून बघायला लागली. “अगं, हा विचारतो तळ्याची राखण कोण करतं!” असं त्यांनी घरी आल्याआल्या काकूंना सांगितलं. काकू हसल्या नाहीत. चुलीपुढून उठून माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, “तळ्यावर नेलं होतं तुला? पहिल्याच दिवशी?” मग काकांकडे न बघताच म्हणाल्या, “अंघोळ विहिरीवर करायची. तळ्याकडे जायचं ते दर्शनाला. पायरीवर पाय भिजले तर भिजू देत, पण गुडघ्यावर पाणी चढलं असं मला कळता कामा नये. कबूल?”

मी कबूल म्हणालो. मला त्यात जड काहीच वाटलं नाही. गुडघाभर पाणी ही माझ्या लेखी चैनच होती.

काकूंचं बोलणं मला कळलं ते पुढे, घरातल्या वस्तूंवरून. मला जेवायला वाढत ते ताट बाकीच्या ताटांपेक्षा जरा लहान होतं आणि त्याची एक कड चेपलेली होती. मला दिलेली घोंगडी नवी होती, पण पाट जुना होता, आणि त्याच्या कोपऱ्यावर कुणीतरी खिळ्यानं घोडा कोरला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा त्या तळ्यात गेला होता. असता तर माझ्याच वयाचा असता. सोबत्यांबरोबर पायऱ्यांवर बसला होता, टोपी पाण्यात पडली ती काढायला उतरला, पाय शेवाळावरून सरकला. सोबत्यांनी आरडाओरडा करेपर्यंत सगळं झालं होतं. त्याला पोहता येत नव्हतं.

काकू म्हणत, आसरांनी नेला. आसरा म्हणजे पाण्यातल्या सात बहिणी. आमच्याकडेही विहिरीच्या काठाला सात खडे मांडून त्यांना शेंदूर लावतात, त्यामुळे मला ते नवं नव्हतं. ठाण्याला काकूंच्या घरची चाल अशी, की चैत्री अमावास्येला सकाळी आसरांच्या नावानं एक परडी तळ्यात सोडायची. परडीत खण, हिरव्या बांगड्या, दहीभात आणि पिठाचा दिवा. परडी तरंगत मधोमध गेली की पोचली. ज्या साली मुलगा गेला त्या साली काकूंनी परडी सोडली नव्हती. भावकीत कुणी गेलं होतं, सुतक होतं, सुतकात कसली पूजा? शास्त्राप्रमाणे त्यांनी बरोबरच केलं होतं. पण शास्त्र काही मुलगा परत देत नाही.

काकांचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यांनी घरात कधीच काढलं नाही. एकदा मला घेऊन खाडीकडे फिरायला गेले होते, तेव्हा वाटेत एकदम म्हणाले, “मी आजोळी, कोकणातल्या नदीवर वाढलो. माशासारखा पोहतो मी, माहीत आहे? पोराला शिकवतो म्हणालो तर ही नको म्हणाली. पत्रिकेत पाण्याचं भय आहे म्हणाली. मी म्हटलं, राहिलं. घरात कटकट नको म्हणून राहिलं.” मग खाडीपर्यंत चालत राहिले. परत फिरताना म्हणाले, “तुला शिकवतो.”

मी वाटेतला एक खडा पायानं उडवला.

“काय रे माणदेश्या? भितोस?”

भीत तर होतोच, पण पाण्याला नाही. ज्यांनी भाकरी दिली त्यांना नाही कसं म्हणायचं, आणि जिनं ती थापली तिला फसवायचं कसं, या पेचात मी होतो. शेवटी “काकू काय म्हणतील?” एवढंच म्हणालो.

“तिला कळलं तर म्हणेल ना!”

कोपरीच्या बाजूला खाडीकाठी लाकडाची वखार होती, तिथे काकांनी मला कामाला लावलं होतं. आलेले ओंडके जातवार रचायचे, गाड्या भरून द्यायच्या. वखार बंद असे ती अमावास्येला. म्हणजे माझी सुट्टी अमावास्येची, आणि अमावास्येला शहाणं माणूस पाण्यात उतरत नाही. काकांना हे फारच सोयीचं वाटलं. “काठावर चिटपाखरू नसतं. आसरांची काय ती वर्दळ असेल, त्या काही काकूला सांगायला येणार नाहीत.” ते विनोदानं म्हणत, मी मात्र मनातल्या मनात आसरांना हात जोडत असे.

गावातल्या तळ्यात शिकणं शक्यच नव्हतं. आम्ही होडीनं खाडी ओलांडून कळव्याला जात असू. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी भातखाचरांमध्ये एक तळं होतं, फार मोठं नाही, एका बाजूला करंजाची झाडं. ज्याच्या शेताला ते लागून होतं तो आगरी म्हातारा काकांच्या ओळखीचा. तो आपली म्हैस त्याच पाण्यात सोडून काठावर विडी ओढत बसायचा आणि माझी फजिती बघायचा.

“आरं पोरा, आमची म्हस बरी पवतं तुज्यापरीस!”

“म्हशीला कुणी शिकवलं?” मी धापा टाकत विचारायचो.

“तिला काकूची भीती नाय ना!” म्हातारा म्हणायचा. काकांनी त्याला सगळं सांगून ठेवलं होतं.

पहिल्या दिवशी काकांनी पंचाच्या गाठोड्यातून एक वाळका भोपळा काढला आणि सुंभानं माझ्या पाठीला बांधला. तो भोपळा मी ओळखला. काकू परसातल्या मांडवावरचा सगळ्यांत चांगला भोपळा वेलावरच वाळू देत आणि बियाण्यासाठी स्वयंपाकघराच्या आढ्याला टांगून ठेवत. धुरानं तो काळसर झाला होता. मी म्हटलं, “काका, हा बियाण्याचा.” ते म्हणाले, “बियांना काय होतंय? आत कोरड्या आहेत. तू बुडाला नाहीस म्हणजे त्याही बुडणार नाहीत.”

त्याच संध्याकाळी काकू आढ्याकडे बघत उभ्या होत्या. “अहो, भोपळा कुठं गेला हो?”

“उंदरांनी नेला असेल,” काका म्हणाले.

“एवढा भोपळा? उंदीर म्हणावेत का बैल?” आणि माझ्याकडे वळून, “तू पाहिलास का रे?”

मी नाही म्हणालो. ठाण्यात आल्यापासूनचं ते माझं पहिलं खोटं, आणि ते एका भोपळ्याबद्दल. त्या रात्री जेवताना काकूंनी मला ताकाची दुसरी वाटी वाढली, ती मी मान वर न करता संपवली.

भोपळा आम्ही म्हाताऱ्याकडेच ठेवून आलो होतो. पाण्यात पाय झाडताना तो माझ्या मानेमागे खुळखुळायचा. आत काकूंच्या बिया. मी बुडायला लागलो की जोरात खुळखुळायचा, जरा बरा हात मारला की हळू. इतर कुणी शिकताना गुरूचा आवाज ऐकत असेल. मी त्या बिया ऐकत शिकलो. त्या पावसाळ्यात काकूंच्या मांडवावर भोपळ्याचा वेल चढला नाही. शेजारणीकडून आणलेलं बी त्यांनी लावलं, ते उगवलंच नाही. त्यांनी मांडवाकडे बघत “यंदा नाही यायचा,” एवढंच म्हटलं. मला मात्र रोज विहिरीवर जाताना तो उघडा मांडव दिसायचा.

घरी आम्ही सांगत असू की खाडीपलीकडच्या महादेवाला गेलो होतो. महादेव होता, खोटं एवढंच की आम्ही देवळाच्या आत कधी गेलो नाही. परतताना काका कुठल्याही बेलाच्या झाडाची चार पानं तोडायचे आणि होडीत बसल्यावर माझ्या डोक्याकडे वाकून विचारायचे, “शेंडी वाळली का?” काकू ती पानं डोळ्यांना लावून देव्हाऱ्यात ठेवत. त्यांना ठेवताना मी कधी बघत नसे. काहीतरी काम काढून बाहेर जात असे.

तरीही सांगायला हवं, की मला पाणी आवडायला लागलं होतं. लाकडाच्या कामानं वखारीचा मालक कधी मला कल्याणला पाठवी, तेव्हा काकाही सोबत येत. कल्याणचं मोठं तळं मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राखणीचा प्रश्न पडला नाही. कुठून उतरावं आणि कुठे निघावं, एवढंच मी बघितलं. एकदा तिथून शेतांतल्या पायवाटेनं आम्ही डोंबिवलीकडे चालत गेलो. गाव लहान, भाताच्या पेंढ्यांचा वास, आणि झाडांखाली एक गोल तळं, अर्धं कमळांनी भरलेलं. काका म्हणाले, “कमळांत जाऊ नको, देठ पायाला गुंडाळतात.” मी उताणा पडून आभाळ बघत राहिलो. पाणी कानात गेलं की जगाचा आवाज बंद होतो. तेवढ्या वेळात मला कुणाचे उपकार आठवत नसत.

मग काठावर यायचो, आणि सगळं एकदम आठवायचं. आई वाळूत खड्डा करून बसली असेल. आणि मी इथे एवढ्या पाण्यात नुसता पडलो होतो, न पिता, न भरता. अंग पुसताना मला उगीच वाटायचं, की त्या पंचाला लागलेलं पाणीसुद्धा तिचं एका दिवसाचं होतं.

असं करत पुन्हा चैत्र आला.

अमावास्येच्या आदल्या दिवशी काकूंनी परडी बुरुडाकडून आणली, बांगड्या आणल्या. मला म्हणाल्या, “उद्या परडीला तू हात लावायचास. घरचा मुलगा लागतो.” ‘घरचा मुलगा’ हे शब्द त्यांनी फार सहज उच्चारले. मी हो म्हटलं. काका म्हणाले, “आम्ही पहाटे महादेवाला जाऊन येतो, ऊन चढायच्या आत परत.” काकू म्हणाल्या, “वेळेत या हो. परडी सकाळचीच सोडायची. दुपारी वारा फिरतो.”

त्या पहाटे कळव्याच्या तळ्यावर काकांनी भोपळा बांधलाच नाही. म्हणाले, “जा.” आणि मी गेलो. एका काठावरून दुसऱ्या काठाला, मधे कुठे न टेकता. पलीकडे करंजाच्या मुळीला हात लागला तेव्हा मी ओरडलो, काय ओरडलो ते आठवत नाही. म्हातारा आगरी उठून उभा राहिला आणि म्हणाला, “पवला रं पवला! आता म्हशीला जोडीदार झाला!”

काका काठावरून म्हणाले, “चल आता. ती वाट बघत असेल.”

मी म्हणालो, “अजून एकदा.”

गेलो, आलो. “अजून एकदाच, काका.” त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता, त्यांनाही निघवत नव्हतं. त्यांनी मला जाऊ दिलं. खाडीवर आलो तेव्हा ओहोटी लागली होती आणि होडी चिखलात बसली होती. होडीवाला म्हणाला, “आता पानी येवंदे, मग.” आम्ही चिखलाच्या काठाला बसून राहिलो. शेंडी वाळली का हे त्या दिवशी काकांनी विचारलं नाही.

पोचलो तेव्हा दुपार कलली होती. काकू परडी पुढ्यात घेऊन पायरीवर बसल्या होत्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. रागावल्या नाहीत. “आलास,” म्हणाल्या, आणि उठल्या. तेच मला लागलं.

आम्ही तिघं तळ्यावर गेलो. घाटावर दोनचार बायका होत्या, देवळातल्या गुरवाची बायको होती. काकूंनी दिवा लावला, मी परडीला हात लावला, आणि काकूंनी ती पाण्यावर सोडली. ती थोडी पुढे गेली. मग खाडीकडून वारा आला, दिव्याची ज्योत आमच्याकडे वाकली, आणि परडी हळूहळू वळून काठाला परत आली.

काकूंनी पुन्हा लोटली. पुन्हा आली.

“येतेय परत,” कुणीतरी बाई म्हणाली. गुरवीण हलक्या आवाजात म्हणाली, “घ्यायची नसेल त्यांना.”

तिसऱ्यांदा परडी पायरीला येऊन टेकली तशा काकू मटकन खाली बसल्या. माझं मनगट त्यांनी इतकं घट्ट धरलं की बांगडी माझ्या हाडाला रुतली. “याच्यासाठी,” त्या म्हणाल्या. “परडी नको त्यांना. याच्यावर डोळा आहे.” मग काकांकडे वळून, सगळ्यांसमोर, कधी नव्हे तो आवाज चढवून म्हणाल्या, “उद्याच्या गाडीनं याला याच्या आईकडे पोचवा. पाण्याच्या गावात मला हा ठेवायचा नाही. मी दुसऱ्यांदा नाही सोसायची!”

काका घाटाच्या दगडाकडे बघत उभे होते. त्यांना सांगता आलं असतं की हा दुपारचा वारा आहे, आणि दुपार आमच्यामुळे झाली. पण मग सगळंच सांगावं लागलं असतं. मला ते दिसत होतं. आणि मला माझी परात दिसत होती, वाळूतला खड्डा दिसत होता, वखार, ताटाची चेपलेली कड, सगळं एकाच वेळी. ठाण्यातून गेलो असतो तर आईच्या एका घासाला मी आणखी एक तोंड झालो असतो.

त्या वेळी मी जे केलं ते काकूंच्या जिवाला स्वस्थता यावी म्हणून केलं की माझी जागा जाऊ नये म्हणून, हे मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. दोन्ही असावं. पण दोन्ही असावं म्हटलं की मन निसटायला बघतं, म्हणून मी वाईट तेच धरून चालतो.

मी मनगट सोडवून घेतलं, परडी उचलून पुढे धरली आणि पाण्यात उतरलो. गुडघा, कंबर, छाती. मागून काकूंची किंकाळी आली. पाऊल सुटलं तसा मी एका हातानं परडी ढकलत दुसऱ्या हातानं पाणी मारू लागलो. कळव्याचं पाणी गार होतं. हे वरून ऊन आणि खालून थंड, आणि पायाला काहीतरी मऊ लागत होतं. तो इथेच गेला होता, हे मला तेव्हा आठवलं. बांगड्या परडीत एकमेकींवर वाजत होत्या, भोपळ्यातल्या बियांसारख्या. मधोमध आल्यावर मी परडी सोडली. ती जरा फिरली, एक कड खाली गेली, दिवा चुर्र करून विझला, भात पाण्यावर पसरला आणि बांगड्या एकापाठोपाठ एक खाली गेल्या. मग मी वळलो.

वाऱ्याबरोबर परत येणं सोपं होतं. त्यामुळेच कठीण होतं. काठावर लवकर पोचायची माझी मुळीच इच्छा नव्हती.

पायरीवर चढलो तशी काकूंनी माझ्या थोबाडीत मारली. आयुष्यात त्यांनी मला तेवढंच एकदा मारलं. आणि लगेच पदर काढून माझं डोकं पुसायला लागल्या, इतक्या जोरानं की कान लाल झाले.

“कुठं शिकलास?”

“गावाकडं,” मी म्हणालो.

“गावाकडं कुठं?”

“नदीला.”

“त्या नदीत शेळ्या बसतात म्हणून सांगत होतास ना रे?” त्या पुसायच्या थांबल्या. “कोरड्या वाळूत पोहलास?”

बायकांपैकी कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकांचं नाव मी घेणार नव्हतो, एवढं एक मला त्या क्षणी स्वच्छ कळत होतं. मग माझ्या मागून काकांचा आवाज आला. ते काकूंशी बोलत होते, पण बघत होते पाण्याकडे.

“तुझा भोपळा कळव्याला आहे,” ते म्हणाले. “बिया आत शाबूत आहेत.”

काकू त्यांच्याकडे वळल्या. “म्हणजे उंदीर नव्हते,” म्हणाल्या, आणि पूजेचं रिकामं तबक उचलून घरी चालू लागल्या. आम्ही दोघं त्यांच्या मागून, जरा अंतर ठेवून.

घरात त्यानंतर कितीतरी दिवस बोलणं झालं नाही. मी माझं गाठोडं बांधून ठेवलं होतं आणि रोज कामावरून येताना ते दाराशी आणून ठेवलेलं दिसेल अशा भीतीनं गल्ली वळत होतो. गाठोडं जागेवरच असायचं. ताट रोज वाढलेलं असायचं. चेपलेल्या कडेचं, तेच.

एका संध्याकाळी काका कुठेतरी गेले होते. मी परसात लाकडं फोडत होतो. काकू दारात आल्या आणि म्हणाल्या, “त्याला शिकवतो म्हणाले होते. मीच नको म्हटलं.” मी कुऱ्हाड खाली ठेवली. “पत्रिका बघून नको म्हटलं. त्यांनी त्यानंतर एकदाही मला ते बोलून दाखवलं नाही. एकदाही नाही.” मग विचारलं, “किती वेळ लागला तुला शिकायला?”

“पुष्कळ,” मी म्हणालो. “मी मंद आहे.”

“तो मंद नव्हता,” काकू म्हणाल्या. आणि आत गेल्या.

मला परत पाठवायचं पुन्हा निघालं नाही. पुढच्या अमावास्येला त्यांनी स्वतःच सांगितलं, “कळव्याला जाल तर भोपळा घेऊन या. पाऊस तोंडावर आलाय, बी काढायला हवं.” आम्ही आणला. म्हाताऱ्यानं त्याला सुंभ तसाच गुंडाळलेला ठेवला होता. काकूंनी भोपळा फोडला, बिया सुपात घेतल्या, आणि त्या वर्षी मांडव भरून गेला. त्यातले दोन भोपळे वेलावर वाळवले. एक आढ्याला गेला. दुसरा त्यांनी मागच्या दाराच्या खुंटीला टांगला, आणि त्याला तो जुना सुंभ बांधला. कशाला हे कुणी विचारलं नाही. आळीतल्या मुलांना काका शिकवायला लागले ते त्यानंतर. काकू तिकडे कधी फिरकल्या नाहीत, पण मुलं परत आली की दारातून त्यांची डोकी बघत, सगळी आली का म्हणून.

पुढे मी नोकरी बदलली, आईला ठाण्याला आणलं. तिनं तळं पाहिलं आणि पहिल्या दिवशी पायरीवर बसून एक तांब्याभर पाणी घेऊन अंघोळ केली. मी म्हटलं, “आई, आणखी घे.” ती म्हणाली, “पुरे रे. उरू दे.” मला त्या तळ्यात उताणं पडून राहायला येत होतं, हे मी तिला सांगितलं नाही.

काकूंची चैत्री अमावास्येची परडी त्या असेपर्यंत चालू राहिली. मात्र मी तळ्यात उतरलो त्याच्या पुढच्याच साली सकाळी, वारा नसताना, पाणी स्वस्थ असतानाही त्या मला म्हणाल्या, “तूच ने. पोचेपर्यंत सोबत जा.” तेव्हापासून दर साली मीच नेतो आहे, आता काकू नाहीत, काकाही नाहीत, परडी माझी आई भरते. आसरांना ती पोचते की मी ढकलतो, हा प्रश्न मला पडतो, आणि मी तो पाण्याबाहेरच ठेवून उतरतो.

मधोमध गेल्यावर मी परडी लगेच सोडत नाही. क्षणभर धरून ठेवतो आणि खाली बघतो. खाली काही दिसत नाही, हिरवं अंधारलेलं पाणी. तरी काकूंच्या त्या मुलाला सांगतो, मनातल्या मनात. ताट तुझंच आहे. कड अजून चेपलेलीच आहे. पाटावरचा घोडा मी पुसू दिला नाही. आणि मग हात काढून घेतो, आणि परत यायला निघतो, मला येतं म्हणून.